खंडेनवमीची सीडी

पूर्वी: सहाशे ऐंशी मिनिटं. तुम्हीच वाचा.

विघ्नेश: तो आकडा मनावर नाही घ्यायचा. सुरुवातीला घाबरवतो, मग आपोआप कमी होतो.

पूर्वी: मघाशी सहाशे सत्तर होता. वाढलाय.

विघ्नेश: अच्छा.

पूर्वी: विघ्नेश, परवा तुम्ही फॉरमॅट मारलात. त्याच्या आदल्या दिवशी मी याच पीसीवरनं याच बाहेरच्या डिस्कवर ट्रायल म्हणून बारा जीबी टाकले होते. दहा मिनिटांत गेले. आज चाळीस जीबीला अकरा तास सांगतोय. मधे काय झालं ते तुम्हीच सांगा.

विघ्नेश: व्हायरस होता, नवीन विंडोज टाकली. दुसरं काहीच नाही केलं. तुमच्या डी ड्राइव्हला तर हातही नाही लावला. शूटिंग सगळं जागेवर आहे ना?

पूर्वी: जागेवर आहे आणि जागेवरनं हलत नाही, हीच तर बोंब आहे.

विघ्नेश: घाई किती आहे?

पूर्वी: लोडशेडिंगमुळे दोनला लाईट जाते, ती पाचला येते. पार्टी चारला निघते एअरपोर्टला. आता पावणेबारा झालेत. म्हणजे दोनपर्यंत ही डिस्क भरून हातात पाहिजे.

विघ्नेश: नाहीतर मी तुमच्या पीसीतली हार्ड डिस्क काढून दुकानात नेली असती. पण आमच्याकडे गोखिवऱ्याला अकरालाच गेली लाईट. तीनपर्यंत अंधार.

रखमाबाई: कोन आलंय गं? तो मिस्तरी का?

विघ्नेश: मीच, आजी. परवा आलेलो तो.

रखमाबाई: परवा येऊन दुरुस्त केलंस ना? मग आज कशाला आलास?

विघ्नेश: सगळे हेच विचारतायत.

रखमाबाई: आज नवमी हाय. आज हत्यारांना सुट्टी. कोयता, फावडं, पंपाचा पाना, सगळं देवापाशी मांडलंय मी. एक ह्या पोरीचं यंत्र तेवढं भुंगा लावून बसलंय सकाळपासून.

पूर्वी: आजी, आपलं बोलणं झालंय त्यावर. आजच्यापुरतं.

रखमाबाई: झालंय म्हनून तर गप हाय. कोनाचं लग्न हाय एवढं अर्जंट? पितृपक्ष आत्ता संपला, मुहूर्त कुठला काढला तुझ्या पार्टीनं?

पूर्वी: आहे एक पार्टी. तू चहा टाकतेस का?

रखमाबाई: टाकते. विचारलं की चहा टाक.

विघ्नेश: एक मिनिट, ही केबल पुढच्या पोर्टला लावलीय तुम्ही. पुढचे पोर्ट आतून बारीक वायरीनं जोडलेले असतात, कधीकधी मार खातात. मागे थेट बोर्डावर लावू. कॅबिनेट जरा पुढे ओढा. बापरे, मागे जाळ्या किती!

पूर्वी: दसऱ्याची साफसफाई या टेबलापाशी येऊन थांबली. आजी या वायरींना हात लावत नाही.

विघ्नेश: लावली. आता बघा.

पूर्वी: सहाशे पंचावन्न.

विघ्नेश: पंचवीस कमी झाली.

पूर्वी: तरी अकरा तास होतातच, विघ्नेश. पंचवीस मिनिटांनी काय होतं?

विघ्नेश: ओके, ओके. रिस्टार्ट करतो. सुरुवातीलाच निळ्या पडद्यात जाऊन सेटिंग बघू, बायोसमध्ये. तिथे यूएसबीचं एक खातं असतं. हे बघा, 'यूएसबी कंट्रोलर', त्याच्यापुढे 'फुल स्पीड'. म्हणजे इथे सगळं बरोबर आहे. परवा मीच करून ठेवलंय.

पूर्वी: करून ठेवलंय म्हणजे? आधी काय होतं?

विघ्नेश: आधी 'हाय स्पीड' होतं. मी म्हटलं फॉरमॅट मारतोच आहोत तर फुलच करू. फुलच्या वर काय असणार?

पूर्वी: विघ्नेश, हे डिस्कचं खोकं वाचा. काय लिहिलंय मोठ्या अक्षरात?

विघ्नेश: 'हाय-स्पीड यूएसबी.'

पूर्वी: फुल नाही लिहिलेलं.

विघ्नेश: नाही. च्यायला... सॉरी. यांच्या भाषेत फुल म्हणजे जुना वेग. माऊसबिऊस चालण्यापुरता. आणि हाय म्हणजे नवा, त्याच्या चाळीसपट. आता आठवलं. कोर्सला शिकवलं होतं, परीक्षेतसुद्धा आलं होतं.

पूर्वी: म्हणजे फुल हे हळू असतं?

विघ्नेश: हो.

रखमाबाई: एसटी स्टँडवर फुल चहा मागितला की असाच येतो, अर्धा कप. घ्या. हा पूर्ण हाय.

विघ्नेश: थँक्यू, आजी. तुम्ही असायला पाहिजे होतं आमच्या क्लासला.

पूर्वी: आता 'हाय' केलंत ना? सुरू करू कॉपी?

विघ्नेश: करा. आता धावेल.

पूर्वी: सहाशे चाळीस.

विघ्नेश: नाय, यार.

पूर्वी: आणि हा फुगा परत आला पडद्याच्या कोपऱ्यात. परवापासून डिस्क लावली की येतो. मी फुली मारून बंद करते.

विघ्नेश: बंद करता? काय लिहिलंय ते वाचलं का कधी?

पूर्वी: 'हे उपकरण याहून जलद चालू शकतं.' मला वाटलं जाहिरात आहे.

विघ्नेश: जाहिरात नाही हो, तो बिचारा दोन दिवस ओरडून सांगतोय. थांबा, यादी उघडतो. कॉम्प्युटरला आत काय काय ओळखता आलंय त्याची यादी असते. हे बघा, पिवळं प्रश्नचिन्ह. 'यूएसबी कंट्रोलर.' सापडलं! बोर्डवर वेगवान यूएसबी बसवलेलं आहे, पण विंडोजला ते कोण आहे हेच माहीत नाही. म्हणून जुन्या वेगानं ढकलतेय. माझ्याकडची विंडोजची सीडी चार वर्षांपूर्वीची आहे, तिच्यात या नव्या भानगडीची ओळखच नाही.

पूर्वी: मग ओळख करून द्या.

विघ्नेश: त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. तो परवाच टाकायला पाहिजे होता मी. माऊस चालला, तुमचा पेन ड्राइव्ह चालला, मी म्हटलं झालं. चूक माझी आहे.

पूर्वी: चूक नंतर वाटून घेऊ. फुगा मीही फोडत होतेच. तो ड्रायव्हर कुठे मिळतो? नेटवर?

विघ्नेश: नेटवर मिळाला असता, पण त्याच्याखालचं दुसरं प्रश्नचिन्ह बघा. तो तुमचा मोडेम आहे. त्यालाही ओळखत नाही. सायबर कॅफेत जाऊ म्हटलं तर तो गोखिवऱ्यातच, तिथेही लाईट नाही. पाऊचमध्ये तीस बोर्डांच्या सीड्या आहेत माझ्या, पण तुमच्या बोर्डाची नाही. प्रत्येकाची वेगळी लागते. तुम्ही पीसी घेतलात तेव्हा बोर्डाबरोबर एक सीडी आली असेल. पण ती विचारण्यात अर्थ नाही. वसईत मी इतकी घरं केली, ती सीडी एकाकडेही सापडली नाही. पहिल्या महिन्यातच गायब होते.

पूर्वी: होती खरी. पांढरी, निळ्या अक्षरांची. या खणात नाही. कपाटातही नाही, परवाच आवरलंय. गाण्यांच्या सीड्यांमध्ये? नाही. आजी! पीसीच्या खोक्यातली एक सीडी होती, ती तू भंगारात दिलीस का?

रखमाबाई: भंगारात कशाला देईन? ती चकती ना? ती देवापाशी हाय.

पूर्वी: कुठे?

रखमाबाई: देवघरात. आज पाटावर मांडलीय, कोयत्याच्या बाजूला. एरवी देवाच्या डब्यात असते, पोथीखाली. तीन वर्षं झाली.

विघ्नेश: आजी, तुमच्या पाया पडतो.

रखमाबाई: पड. पन आज मिळायची नाय.

पूर्वी: आजी!

रखमाबाई: ओरडू नको. तूच म्हनालीस की नाय, यंत्र आज बंद नाय ठेवता येनार, काम हाय. मी म्हटलं बरं, मग त्याच्या वतीनं त्याचं मूळ पुजते. दुकानदारानं काय सांगितलं होतं, आठवतं? 'आजी, ही जपा, ही गेली तर मशीन मुकं होईल.' तू बाहेर उसाचा रस पीत होतीस. ऐकलं मी, जपली मी. आता पूजेला बसलेली चीज नवमीला उठवायची नाय. उद्या सकाळी उठवीन. मग काय तो नाच घाला.

पूर्वी: उद्या उपयोग नाही तिचा.

रखमाबाई: एका दिवसानं काय आभाळ कोसळतं? माझा सासरा केळीचे लोंगर गाडीत भरायचे राहिले तरी नवमीला कोयत्याला हात लावायचा नाय. व्यापारी दारात शिव्या घालायचा. तरी नाय. तुझ्या पार्टीला सांग, उद्या देते.

पूर्वी: पार्टी आज चारला जातेय, आजी. परत येणार नाही.

रखमाबाई: अशी कोन पार्टी?

विघ्नेश: मी बाहेर थांबू का?

पूर्वी: थांबा इथेच, वेळ नाही. आजी, सॅन्टनआजोबांचं आहे हे.

रखमाबाई: कोनाचं?

पूर्वी: सॅन्टनआजोबांचं. आपल्या शेजारच्या. त्यांनी मला सांगितलं, पूर्वी, तू लग्नाचं शूटिंग करतेस तर माझ्या वाडीचं कर. घर, ओटा, चिकूची झाडं, बावखल, सगळं. गणपतीनंतर मी रोज सकाळी तिकडेच जात होते कॅमेरा घेऊन. तुला सांगितलं क्लासला जाते.

रखमाबाई: क्लासला.

पूर्वी: तू त्यांचं नाव काढलं की ताटावरनं उठायचीस. काय सांगणार होते मी?

रखमाबाई: तो दिवाळीनंतर जानार होता ना? कमळी सांगत होती.

पूर्वी: त्यांच्या मुलानं, कॉन्रॅडनं तिकीट आधीचं काढलं. कॅनडात थंडी वाढायच्या आत आणतोय त्यांना. बॅप्टिस्टची सुमो चारला येणार. आणि वाडीत दिवाळीनंतर मातीचे डंपर लागणार. बावखल बुजवणार आहेत.

विघ्नेश: बावखल म्हणजे?

पूर्वी: वाडीतलं तळं. गोडं पाणी. त्यांचं आणि आमचं एकच आहे, कुंपण त्याच्या मधून जातं. दोन्ही वाड्या त्याच्यावरच वाढल्या.

रखमाबाई: पानी एक होतं, आनि वाडी विकताना एका शब्दानं विचारलं नाय त्यानं.

पूर्वी: आले होते सांगायला. तू दार लावून घेतलंस.

रखमाबाई: विकून झाल्यावर आला. मी काय पेढे द्यायचे होते?

पूर्वी: नसते दिले. आजी, मी तुला त्यांच्याशी बोल म्हणत नाही. त्यांनी दोन बॅगांत घर भरलंय. मी म्हटलं होतं, बाकीचं सगळं मी यात देते. त्यांना ते तिकडे रोज बघायचंय. मी शब्द दिलाय आणि तो या यंत्रात अडकलाय. मला खरंच रडायला येतंय आता.

विघ्नेश: आजी, तुमचं जे असेल ते, मला काही माहीत नाही. पण सव्वाबारा झालेत.

(रखमाबाई आत जातात. तांदळाच्या डब्याचं झाकण वाजतं.)

पूर्वी: काय करतेयस आजी?

रखमाबाई: दिसत नाय? अक्षता टाकते. पूजेची वस्तू अशी खसकन ओढून नेतात का? अक्षता टाकायच्या, जरा जागेवरनं हलवायची, पुन्हा या म्हनायचं, मग न्यायची. पुन्हा या. हं. घे रे, मिस्तरी.

विघ्नेश: द्या. आजी... हे काय लावलंय?

रखमाबाई: कुंकू. हळद-कुंकू. स्वस्तिक काढलंय.

विघ्नेश: चकचकीत बाजूवर?

रखमाबाई: मग? पूजा तोंडाची करतात का पाठीची? चकचकीत ते तोंड.

विघ्नेश: अहो, वाचतात तीच बाजू! लिहिलेलं सगळं त्या चकचकीत बाजूला असतं, आजी.

रखमाबाई: मग बरोबरच केलं की मी.

पूर्वी: दर वर्षी काढतेस?

रखमाबाई: दर नवमीला. तीनदा झालं. आधीचं ओल्या फडक्यानं पुसून मग नवीन.

विघ्नेश: कशानं काढता?

रखमाबाई: पानाच्या देठानं.

विघ्नेश: देठानं काढलं, म्हणजे चान्स आहे. काडेपेटीच्या काडीनं काढलं असतं तर मेलो होतो. पूर्वी, वाटीत पाणी आणा साधं, आणि मऊ कापड. टॉवेल नको. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

रखमाबाई: हे घे. माझ्या लुगड्याचं धडपं. याच्याहून मऊ तुला वसईत मिळायचं नाय.

विघ्नेश: गोल नाही पुसायचं. मधनं बाहेर, मधनं बाहेर. हळदीचा डाग राहतोय थोडा. राहू दे. घालतो आत.

पूर्वी: आवाज कसला येतोय? घरघर?

विघ्नेश: शोधतोय. वाचता येत नाही म्हणून परत परत फिरवतोय.

पूर्वी: काढून परत पुसा ना.

विघ्नेश: थांबा, हात नका लावू. आजी, तुमच्या देवाला सांगा काहीतरी.

रखमाबाई: त्याला काय सांगू? त्याच्याच पाटावरनं उठवून आनलीय मी.

पूर्वी: आली! आली, यादी आली!

विघ्नेश: यूएसबी... हे फोल्डर. टाकतो. पुढे, पुढे, हो मान्य आहे, पुढे. आता परत रिस्टार्ट मागतोय. करा. प्रश्नचिन्ह गेलं बघा. मोडेमचंही टाकतो नंतर. आता डिस्क लावा. फुगा?

पूर्वी: नाही आला.

विघ्नेश: कॉपी करा.

पूर्वी: सदतीस मिनिटं. विघ्नेश, सदतीस! छत्तीस झाली.

विघ्नेश: आता बघा, हा आकडा खरं बोलतो. एकच्या आसपास होईल. मी ही सीडी माझ्याकडे उतरवून घेऊ का? म्हणजे उद्या काही झालं तर...

रखमाबाई: उतरवून घे, पन मूळ इथंच राहील. तुमच्या हातात दिली की महिन्यात गायब होते, तूच म्हनालास.

विघ्नेश: बरोबर आहे. आणि पुढच्या वर्षीपासून स्वस्तिक या बाजूला काढा, जिथे अक्षरं छापलीत.

रखमाबाई: पाठीवर?

विघ्नेश: ते तोंड आहे, आजी. तुम्ही इतकी वर्षं तिच्या पोटावर काढत होता.

रखमाबाई: बरं. तोंडावर काढीन. तुझ्या भरवशावर.

पूर्वी: झालेल्या फाइलींमधली एक उघडून बघते, नीट गेलीय ना. ही बघ आजी. ये इकडे, खुर्चीवर बस.

रखमाबाई: चश्मा नाय.

पूर्वी: डोक्यावर आहे.

रखमाबाई: ही त्यांची गोठ्याची बाजू. हा चिकू माझ्या सासूनं दिलेला, कलम होतं एवढंसं. ही फरशी मात्र ह्यानं कॉन्रॅडच्या लग्नात घातली. आनि हे बावखल. किती पानी हाय बघ अजून. काठावर हा कोन वाकलाय? सॅन्टनच ना? वाळलाय.

पूर्वी: आता थांब, कॅमेरा फिरेल.

रखमाबाई: हे आपलं कुंपन. आपली बाजू कशाला घेतली?

पूर्वी: त्यांनी सांगितलं. म्हणाले, इथनं पुढे फिरव, रखमाची दोरी दिसायला पाहिजे.

रखमाबाई: अगं, ती माझी लुगडी वाळत घातलीत! ही दोन्ही जुनेरं, एकाला तर ठिगळ हाय. ती कॅनडात दाखवनार तो? बर्फातल्या लोकांना?

पूर्वी: मीही म्हटलं, आजोबा, हे कापूया. तर म्हणाले, अजिबात नको. सकाळी उठलो की पहिलं तेच दिसतं, साठ वर्षं. दोरीवर लुगडं पडलं की समजायचं शेजारीण उठली, आता आपल्याला झोपून चालायचं नाही.

रखमाबाई: असं म्हनाला?

पूर्वी: टेपमध्येच आहे. ऐकवू?

रखमाबाई: नको.

विघ्नेश: बारा मिनिटं राहिली.

रखमाबाई: ते डंपरवाले आपल्या बाजूचं पानी तरी ठेवतील का?

पूर्वी: माहीत नाही, आजी. बाबा बोलणार आहेत त्यांच्याशी.

रखमाबाई: अर्धं बावखल कसं ठेवतात कोन जाने. भाताच्या पेजेत जरा जास्त पानी घालते. मिस्तरी, तू जेवून जा.

विघ्नेश: नको, आजी. आज पैसेही नाही घेणार मी. परवाचंच काम होतं हे.

रखमाबाई: पैशांचं तू नि ती बघा. मी जेवनाचं विचारतेय.

विघ्नेश: मग बसतो.

पूर्वी: झालं! चाळीस जीबी, सगळ्या फाइली. एक वाजून दहा. आता नीट काढायची कशी ते सांगा, घाईत ओढली तर परत काहीतरी व्हायचं.

विघ्नेश: खाली कोपऱ्यात हिरवा बाण आहे, त्याच्यावर दाबा. 'आता काढायला हरकत नाही' असं लिहून येईल. आलं. काढा.

रखमाबाई: थांब. ओढू नको अशी. तो डिस्कचा डबा तसाच टेबलावर ठेव.

पूर्वी: आजी, याच्यावर अक्षता कशाला? याची कुठे पूजा केली होती आपण?

रखमाबाई: उठवायच्या आधी टाकतात.

विघ्नेश: आता जरा हलवा जागेवरनं. हं. पण 'पुन्हा या' म्हणायचं राहिलं, आजी.

रखमाबाई: ते डब्याला कशाला सांगू? पूर्वी, माझ्या चपला कुठं हायत बघ.